विंचवाचे बिऱ्हाड न्यूझीलंडमध्ये : वाचकांचे प्रश्न

आम्ही पती-पत्नींनी फेब्रुवारी-मार्चमध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅनने बावीस दिवस प्रवास केला. त्याविषयी मागील अंकात लिहिल्यावर आलेल्या पत्रांत प्रवासवर्णनाच्या कौतुकापेक्षा प्रश्नच अधिक होते, आणि ते मला अधिक आवडले. ज्या गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असते, अशा गाडीविषयीचे बहुतेक प्रश्न लोक तोंडी विचारायला संकोचतात. पत्रात मात्र ते मोकळेपणाने विचारले गेले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत आणि हाताशी चौदा दिवस आहेत. ऑकलंडला उतरून गाडी घ्यावी, वेलिंग्टनहून फेरीबोटीने दक्षिण बेटावर जावे आणि क्राइस्टचर्चहून परतावे, असा बेत आहे. नकाशावर तर देश लहानच दिसतो. हा बेत बसेल का? (पुणे)

बसवता येईल, पण तुम्ही बसवू नये. ऑकलंड ते वेलिंग्टन हे अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे आणि पिक्टन ते क्राइस्टचर्च सुमारे साडेतीनशे. म्हणजे ज्या पर्वतांसाठी आणि सरोवरांसाठी तुम्ही एवढ्या लांब जाणार, त्यांचे दर्शन होण्यापूर्वीच हजार किलोमीटर खर्ची पडतात. वेलिंग्टन-पिक्टन फेरीबोटीला साडेतीन तास लागतात, गाडीच्या लांबीनुसार भाडे पडते आणि समुद्र खवळला तर फेरी रद्दही होते. कूक सामुद्रधुनीतून पिक्टनच्या खाडीत शिरण्याचा अनुभव सुरेख असतो, यात शंका नाही. पण चौदा दिवसांच्या प्रवासात एक अख्खा दिवस त्यासाठी द्यावा, असे मला वाटत नाही.

माझा आग्रह असा, की थेट क्राइस्टचर्चला उतरावे, गाडी तेथेच घ्यावी आणि तेथेच परत करावी. क्राइस्टचर्चहून टेकापो सरोवर, तेथून आओराकी म्हणजेच माउंट कूक, पुढे क्वीन्सटाउन, टे आनाऊ आणि मिलफर्ड साउंड, मग मागे फिरून वानाका आणि हास्टच्या खिंडीतून पश्चिम किनाऱ्यावर, फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ या हिमनद्यांच्या गावांवरून होकिटिका आणि शेवटी आर्थर्स पासवरून परत क्राइस्टचर्च, असे हे वर्तुळ दोन हजार किलोमीटरच्या आसपास भरते. चौदांपैकी तीन-चार दिवस गाडी जागेवरून हलवायची नाही असे ठरवले, तरी उरलेल्या दिवसांत रोजचे सरासरी दोनशे किलोमीटर पुरतात. कॅम्परव्हॅनला दिवसाला दोनशे किलोमीटर हे पोटभर अंतर आहे. रस्ता दोन पदरी आणि वळणावळणाचा असतो, चढ येतात, आणि दर अर्ध्या तासाने असे काही दिसते की थांबल्यावाचून राहवत नाही. आम्ही पहिल्या आठवड्यात एके दिवशी तीनशे चाळीस किलोमीटर गेलो. त्या दिवसाचे एकही छायाचित्र आमच्याजवळ नाही.

काळ कोणता निवडावा, हेही याच पत्रात विचारले आहे. तेथील ऋतू आपल्या उलट असल्यामुळे आपली मे महिन्याची सुट्टी तेथे शरद संपून हिवाळा लागण्याच्या सुमारास येते. दिवस लहान असतो आणि डोंगरातील रस्त्यांवर चाकांच्या साखळ्या जवळ बाळगाव्या लागू शकतात. दिवाळीची सुट्टी वसंतात येते आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून टेकापोच्या काठाला जांभळे-गुलाबी ल्युपिन फुलते. ही वनस्पती बाहेरून आलेली आहे आणि नद्यांच्या पात्रांत तणासारखी पसरते, त्यामुळे पर्यटक जिच्या प्रेमात पडतात तिच्याविषयी निसर्गरक्षक कपाळाला आठ्या घालूनच बोलतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तेथील शाळांना सुट्टी असते, भाडी चढलेली असतात आणि जागा आधीच भरलेल्या असतात. तुम्ही निवृत्त आहात, शाळेच्या सुट्टीचे बंधन तुम्हाला नाही. तेव्हा फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च निवडावा.

प्रश्न : भारतातील वाहन परवाना चालतो का? पतीने मोठी गाडी कधी चालवलेली नाही आणि मी तर केवळ ठाणे शहरात लहान गाडी चालवते. आम्हाला हे जमेल का? (ठाणे)

परवाना मुदतीत असेल आणि त्यावरील मजकूर इंग्रजीत असेल, तर पर्यटकाला तो चालतो. इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ लागतो. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, हा आपला मोठाच फायदा आहे. युरोपीय आणि अमेरिकी पर्यटकांची पहिले दोन दिवस जी तारांबळ उडते, ती आपली उडत नाही. आपली अडचण वेगळीच असते. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तर तेथील युरोपीय बनावटीच्या व्हॅनमध्ये ती डावीकडे असते. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर आम्ही कोरड्या काचेवर वायपर फिरवीत होतो.

दोघांसाठीची व्हॅन घ्यावी, चार किंवा सहा जणांची घेऊ नये. दोघांच्या व्हॅनची लांबी अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात. उंची मात्र शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते. छत बहुधा तीन मीटरच्या आसपास असते, आणि पेट्रोल पंपाचे छप्पर, दुकानाच्या वाहनतळावरील आडवा दांडा किंवा झाडाची खाली आलेली फांदी यांच्याशी त्याची गाठ पडू शकते. छताचे नुकसान साध्या विम्यात बहुधा धरलेले नसते. आम्ही उंचीचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आरशाजवळ चिकटवला होता. गाडी मागे घेताना दुसऱ्याने खाली उतरून, आरशात दिसेल अशा जागी उभे राहावे, असाही आमचा नियम होता. तो एकदाच मोडला, आणि मागच्या बंपरवर एका लाकडी कुंपणाची खूण उमटली.

नियमांबाबत सर्वांत अधिक लक्ष एकपदरी पुलांकडे द्यावे. दक्षिण बेटावर, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर, असे पूल पदोपदी लागतात. लाल कडेच्या गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्याला जाऊ द्यायचे. निळ्या चौकोनी पाटीवर आपल्या दिशेचा बाण मोठा आणि पांढरा असेल, तर अग्रक्रम आपला असतो. तरीही समोरचा थांबला आहे, याची खात्री करूनच पुलावर चढावे. ‘स्टॉप’ पाटीपाशी चाके पूर्ण थांबली पाहिजेत. मोकळ्या रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा असते, पण ती गाठलीच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. मागे गाड्या साठल्या की कडेच्या रुंद जागेत गाडी घेऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे. तेथील लोकांना संथ कॅम्परव्हॅनचा राग येत नाही. रांग दिसत असूनही बाजूला न होणाऱ्या व्हॅनचा येतो.

विमानातून उतरल्या उतरल्या गाडी ताब्यात घेऊ नये, हेही सांगून ठेवते. भारतातून जाण्यात जवळजवळ संपूर्ण दिवस जातो. पहिली रात्र हॉटेलात झोपून काढावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्यावी. आणि आपण स्वतः गाडी चालवावीच, ही माझी तुम्हाला खास सूचना आहे. दोघांची नावे चालक म्हणून नोंदवावीत. एकानेच सारा रस्ता चालवला, तर त्याला केवळ रस्ता दिसतो आणि दुसऱ्याला केवळ देखावा. मग संध्याकाळी बोलायला विषय उरत नाही.

प्रश्न : रात्री कोठेही गाडी लावून झोपता येते, असे ऐकले. हे खरे आहे का? आणि क्षमा करा, पण शौचालयाचे काय? (नागपूर)

क्षमा मागण्याचे कारण नाही. हाच खरा प्रश्न आहे. कोठेही झोपता येत नाही. मोफत मुक्कामासाठी तेथे २०११ पासून स्वतंत्र कायदा आहे, कोठे मुक्काम करू द्यायचा आणि कोठे नाही हे त्यानुसार स्थानिक परिषदा ठरवतात, आणि २०२३ मध्ये नियम आणखी कडक झाले. परिषदेच्या जागेवर गाडीत मुक्काम करायचा तर सर्वसाधारणपणे गाडी ‘स्वयंपूर्ण’ असल्याचे प्रमाणपत्र लागते. पिण्याचे पाणी, सांडपाण्याची टाकी आणि गाडीत पक्के बसवलेले शौचालय या गोष्टी त्यासाठी हव्यात. आसनाखालून ओढून काढण्याच्या सुट्या शौचपात्रावर पूर्वी भागत असे, ते आता भागत नाही. भाड्याने गाडी घेताना स्वयंपूर्णतेचे हिरवे प्रमाणपत्र आहे ना, हे विचारावे. क्वीन्सटाउनच्या परिसरात तर पाटी न वाचता गाडी लावली, तर सकाळी काचेवर दंडाची पावती मिळण्याची शक्यता दाट असते.

आम्ही मुक्कामांची सरळ वाटणी केली होती. दोन रात्री निसर्गसंरक्षण खात्याच्या साध्या तळावर आणि तिसरी रात्र खासगी हॉलिडे पार्कमध्ये. खात्याचे तळ स्वस्त असतात आणि काही तर मोफत असतात. तेथे बहुधा वीज नसते आणि गरम पाणीही नसते, पण जागा अशी असते की दार उघडले की समोर हिमनदीचे पाणी वाहत असावे. माउंट कूकच्या पायथ्याशी असलेला व्हाइट हॉर्स हिल हा असाच एक तळ आहे. ३,७२४ मीटर उंचीचे ते शिखर पहाटे गुलाबी होताना आम्ही अंथरुणातूनच पाहिले. हॉलिडे पार्कमध्ये विजेची जोडणी, गरम पाण्याची न्हाणीघरे, कपडे धुण्याची यंत्रे आणि सामायिक स्वयंपाकघर मिळते. एक बारकावा असा, की गाडीतील २३० व्होल्टची सॉकेट बाहेरची जोडणी असेल तेव्हाच चालतात. एरवी दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रीज बॅटरीवर चालतात, पण लॅपटॉप किंवा केस वाळवण्याचे यंत्र चालत नाही. तेथील प्लगच्या पट्ट्या तिरक्या असल्याने त्याचा ॲडॉप्टर येथूनच न्यावा.

आता शौचालय. त्याखाली एक बंद पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. तिच्यात विशिष्ट द्रव घातलेला असल्यामुळे वास येत नाही. दोघांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते, आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूने काढून, चाकांवर ओढत नेऊन, ठरलेल्या डंप स्टेशनवर रिकामी करून धुवायची असते. अशी ठिकाणे गावोगावी असतात आणि प्रवाशांच्या ॲपमध्ये त्यांच्या खुणा मिळतात. तेथे दोन नळ असतात. कॅसेट धुण्याच्या नळाला पिण्याच्या पाण्याची नळी चुकूनही लावू नये. पहिल्या वेळी नाक मुरडून, दुसऱ्या वेळी हातमोजे घालून आणि तिसऱ्या वेळी गप्पा मारीत, अशी आमची प्रगती झाली.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. सोबत कोणते पदार्थ न्यावेत? गाडीत फोडणी करता येते का? (कोल्हापूर)

जे न्याल ते जाहीर करा, हा पहिला आणि शेवटचा नियम आहे. न्यूझीलंडची अर्थव्यवस्था शेती आणि दुधावर उभी असल्याने बाहेरची कीड आणि रोग आत येऊ नयेत, यासाठी विमानतळावर कसून तपासणी होते. प्रवासापूर्वी मोफत भरायच्या प्रवासी घोषणापत्रात खाण्याची प्रत्येक वस्तू नोंदवावी. घोषणा न करता पिशवीत एक सफरचंद जरी सापडले, तरी जागच्या जागी चारशे डॉलर दंड होऊ शकतो. घोषित केलेली वस्तू नाकारली गेली, तर मात्र ती तेथे सोडून द्यावी लागते, एवढेच. मध, ताजी फळे, भाज्या आणि बियाणे यांचा विचारच सोडावा. दुधातुपाच्या पदार्थांवरही बंधने आहेत. आमचे कारखान्यातील सीलबंद मसाले आणि मेतकूट पाहून सोडण्यात आले. तुपातील रव्याचे लाडू अधिकाऱ्यांनी हसून, पण ठामपणे ठेवून घेतले. बुटांच्या तळव्यांना माती लागलेली नसावी, हेही लक्षात ठेवावे. ट्रेकिंगचे बूट येथूनच घासून न्यावेत.

फारसे काही नेण्याची गरजही नाही. ऑकलंड आणि क्राइस्टचर्चमध्ये भारतीय किराण्याची दुकाने आहेत, त्यांत तूरडाळ, पोहे, मोहरी, हिंग सारे मिळते. गाव सोडण्यापूर्वी दोन आठवड्यांचे धान्य भरून घ्यावे, कारण पश्चिम किनाऱ्यावर मोठी दुकाने विरळ आहेत. दही, पनीरऐवजी चालेल असे हलूमी चीज आणि ताज्या भाज्या सर्वत्र उत्तम मिळतात.

फोडणी करता येते, पण दार उघडे ठेवून. गाडीत धुराची सूचना देणारे यंत्र असते आणि ते लाल मिरची व हिंग यांच्या बाबतीत अत्यंत हळवे असते. टेकापोच्या शांत तळावर रात्री आठ वाजता आमच्या पिठल्याने जो गजर केला, त्याने शेजारच्या दोन गाड्यांतील लोक बाहेर आले. त्यातील एक जोडपे पुढे ताट घेऊनच बसले, हा भाग वेगळा. त्यानंतर आम्ही हॉलिडे पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात तीन दिवसांची फोडणी एकदम करून बरणीत भरून ठेवू लागलो. गाडी सुरू करण्यापूर्वी गॅसची चावी बंद करावी आणि प्रत्येक खणाची कडी लावावी. पहिल्याच वळणावर साबुदाण्याचा डबा उघडला, तर ते साबुदाणे प्रवासाच्या अखेरीपर्यंत कोठून ना कोठून निघत राहतात.

प्रश्न : मिलफर्ड साउंडला पाऊसच पडतो, असे आपण लिहिले आहे. पाऊस पाहायला कोकणातील माणसाने एवढ्या दूर का जावे? (रत्नागिरी)

आपला पाऊस चार महिन्यांचा असतो, तेथील बारमाही आहे. वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तेथे पडतो. मिलफर्ड ही हिमनदीने कोरलेली, समुद्र आत शिरलेली दरी आहे. उभ्या कड्यांवर माती जवळजवळ नाहीच. शेवाळावर आणि एकमेकांच्या मुळांवर तोललेली झाडे तेथे वाढतात, आणि एक झाड सुटले की खालची सारी रांग घसरून कड्यावर उघडा पट्टा पडतो. कोरड्या दिवशी तेथे बोवेन आणि स्टर्लिंग असे दोनच मोठे धबधबे असतात. पाऊस लागला की कड्याच्या प्रत्येक भेगेतून पाणी सुटते, आणि काही धारा वाऱ्यामुळे खाली पोहोचतच नाहीत. आपल्याकडे आंबोलीला उलटे उडणारे पाणी पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटेल. फक्त मिलफर्डला ते समुद्रात बोटीवर उभे राहून पाहायचे असते. माझे मत असे, की निरभ्र दिवस मिळाला तर छायाचित्रे चांगली येतात, आणि पाऊस मिळाला तर मिलफर्ड पाहिल्यासारखे होते.

रस्ता टे आनाऊपासून सुमारे १२० किलोमीटर आहे, म्हणजे पुण्याहून महाबळेश्वर. पण थांबत जायला अर्धा दिवस ठेवावा. डिझेलची टाकी टे आनाऊलाच भरावी आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण पुढे बराच वेळ नेटवर्क नसते. शेवटी होमर बोगदा लागतो. त्याचे काम १९३५ साली सुरू झाले आणि १९५४ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा बोगदा मिलफर्डकडे उतरता आहे, आणि आतील खडक अजूनही ओबडधोबड आहे. बोगद्याबाहेर थांबलेल्या गाड्यांवर किआ नावाचे डोंगरी पोपट येऊन बसतात आणि खिडक्यांचे रबर ओढून काढतात. त्यांना खायला घालू नये, आणि गाडी सोडून दूर जाऊ नये.

बारीक काळ्या माश्यांचा उपद्रव मात्र खराच आहे. माओरी कथेनुसार मिलफर्डचे सौंदर्य पाहून माणसे येथेच राहतील, या चिंतेने मृत्यूची देवता हिने-नुई-ते-पो हिने या माश्या तेथे सोडल्या. आम्ही बोटीतून उतरून पंधरा मिनिटांत गाडीत बसलो, त्यावरून तिचा उपाय अजून लागू पडतो असे दिसते.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. हॉटेल आणि साधी गाडी यांपेक्षा कॅम्परव्हॅन स्वस्त पडते, हे कितपत खरे? (मेलबर्न)

ऐन उन्हाळ्यात खरे नाही. भाड्याचा जो आकडा दिसतो, त्यात पुष्कळ गोष्टी धरलेल्या नसतात. डिझेलच्या वाहनांना न्यूझीलंडमध्ये प्रति किलोमीटर रस्ताकर पडतो. पंपावरील डिझेल पेट्रोलहून स्वस्त दिसते त्याचे हेच कारण आहे, आणि हा कर गाडी परत करताना किलोमीटर मोजून वसूल होतो. अपघात झाल्यास आपल्या अंगावर येणारी रक्कम काही हजार डॉलरची असते; ती कमी करायची तर दररोजचे वेगळे पैसे लागतात. स्किपर्स कॅनियनसारखे काही रस्ते करारात निषिद्ध असतात, तेथे गाडी नेल्यास विमा राहत नाही. करार वाचायला अर्धा तास द्यावा. आमच्या गाडीच्या काचेवर आधीच असलेला तडा पहिल्या दिवशी छायाचित्रात टिपलेला नसता, तर शेवटच्या दिवशी तो आमच्या नावावर लिहिला जाणार होता. हिशेब सर्व मिळून हॉटेलाच्या बरोबरीने झाला. पैसे वाचतात ते बाहेर न जेवल्यामुळे.

प्रश्न : बावीस दिवस, दोघेच, एवढ्याशा जागेत. भांडणे झाली नाहीत का? खरे सांगावे. (नाशिक)

झाली. चौथ्या दिवसापर्यंत रोज झाली, आणि जवळजवळ प्रत्येक भांडण बिछान्यावरून झाले. आम्ही घेतलेल्या गाडीत दिवसा टेबल आणि दोन बाके असत, आणि रात्री तेच टेबल खाली करून, फळ्या जुळवून, चार गाद्या ठरावीक क्रमाने लावून बिछाना करावा लागे. चालवून दमलेल्या माणसाला हे कोडे सोडवायचे नसते आणि स्वयंपाक करून दमलेल्या माणसालाही नसते. पाचव्या दिवशी आम्ही टेबल मोडून बिछाना कायमचा घालून ठेवला, जेवण बाहेर घडीच्या खुर्च्यांवर किंवा पाऊस असेल तेव्हा बिछान्याच्या कडेवर बसून घेऊ लागलो, आणि पुढे सतरा दिवस त्या गाद्यांना हात लावला नाही. आपण गाडी ठरवाल तेव्हा कायमचा बिछाना असलेली मागावी. थोडे अधिक भाडे पडले तरी चालेल.